मदत हवी आहे: हॉट व्हील्सचं अमेरिकन तिकीट पाकिटावरून सोडवायचंय

मंडळी, हॉट व्हील्सला (खेळण्यातल्या छोट्या गाड्यांचा ब्रँड) ५० वर्षं झाली म्हणून २०१८ मध्ये अमेरिकन पोस्टाने १० डिझाइन्सचा सेट काढला होता, त्यातलं ट्विन मिलचं (दोन इंजिनवाली, भन्नाट गाडी!) वापरलेलं तिकीट भाच्याने पाकिटासकट पाठवलंय. तिकीट सेल्फ-अ‍ॅडेसिव्ह (स्टिकरसारखं चिकटणारं) आहे. त्याच पाकिटावरचं दुसरं साधं तिकीट आधी कोमट पाण्यात रात्रभर ठेवून बघितलं, कागदाचा लगदा झाला पण गोंद ढिम्म हलला नाही. हेअर ड्रायरने कडा वळायला लागल्या म्हणून थांबलो. कोरं विकत घे सांगू नका, शिक्का सुंदर बसलाय, तोच हवाय. कागदासकट कापून ठेवणं शेवटचा पर्याय. परदेशातले लोक गोंद सुटायला संत्र्याच्या तेलाचा एअर फ्रेशनर मारतात म्हणे, तसं पुण्यात नक्की काय मिळेल, आणि त्याने शिक्क्याची शाई पसरते का?