माजघराच्या फरशीला खालून फोम लावावा का?

लष्करवाला (धागा यांचा)

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमचा जुना वाडा आहे. माजघर आणि देवघराच्या खाली जोत्यात पोकळी आहे, जेमतेम कमरेएवढी. काही ठिकाणी तर रांगतच जावं लागतं. तिच्यावर दगडी पाटिया (दगडाच्या लांब फळ्या) आणि त्यांवर वडिलांनी हौसेने बसवलेला संगमरवर. जानेवारीत धुकं उतरलं की त्या फरशीवर पाय ठेववत नाही. आई ७८ वर्षांची. पहाटे देवघरात अनवाणीच जाते, मोजे घालून देवापुढे बसणार नाही म्हणते. पूजा आटोपून उठते तेव्हा पायांची बोटं निळसर पडलेली असतात. मी ती हातात धरून चोळतो, पंधरा मिनिटांनी कुठे ऊब येते.

धाकटा भाऊ अमेरिकेत मिनेसोटाला असतो. त्याच्याही घराखाली अशीच रांगत जायची जागा आहे. त्याने तिथल्या मातीवर जाड पॉलिथिन अंथरलं, भिंतींना आतून फोमचे बोर्ड लावले, हवेची भोकं बंद केली. आता त्याची मुलं भर थंडीत जमिनीवर लोळतात. माझं मत ठाम आहे: आपणही फरशीच्या पोटाला दोन इंची बोर्ड चिकटवावेत. उन्हासाठी गच्चीवर लोक हजारो रुपये घालतात, पायाखालच्या थंडीचं नाव कोणी काढत नाही.

मुरारकर

दादा, पूर्ण विरोध. ग्वाल्हेरची थंडी दीड-दोन महिने. एप्रिल ते जून काय करणार? पारा ४५ च्या वर जातो तेव्हा माजघरातली हीच गार फरशी तुम्हाला वाचवते. आमच्याकडे दुपारी जेवणं झाली की सगळे उघड्या फरशीवर आडवे. आमची आजी सकाळी ऊन चढायच्या आत जोत्याचे मोखे, म्हणजे हवेची भोकं, बंद करायची आणि रात्री उघडायची, म्हणजे लू (उन्हाळ्यातला गरम वारा) आत शिरत नाही आणि रात्रीचा गारवा टिकतो. फोम लावलात की तो गारवा खालीच राहील. त्यापेक्षा देवघरात जाड सतरंजी टाका, विषय संपला.

कंपूची सून

सतरंजीने विषय संपत नाही हो. दोन वर्षांपूर्वी सासूबाई सतरंजीच्या दुमडलेल्या कडेला अडखळून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, अजून काठी सुटलेली नाही. संगमरवरावर सतरंजी सरकते, कडा वर येतात, आणि म्हातारं माणूस पाय उचलून नाही, घासत चालतं. ज्यांच्या घरात असं घडलं आहे त्यांना विचारा. खालून काही होत असेल तर करा, मी दादांच्या बाजूने.

साइटवरचा

वीस वर्षं जुन्या वाड्यांची दुरुस्ती करतोय, म्हणून जरा लांबण लावतो. लष्करवाला दादा, तुमचंच वाक्य पुन्हा वाचा. भावाने बोर्ड फरशीला लावलेले नाहीत, *भिंतींना* लावलेत आणि भोकं बंद केलीत. म्हणजे घराखालची जागा त्याने घरात ओढून घेतली. तुम्ही फरशीला बोर्ड लावाल तर ती जागा घराबाहेर ढकलाल. हे दोन्ही एक नव्हे.

शिवाय जमिनीचा फरक आहे. पंधरा-वीस हात खोल गेलं की मातीचं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ राहतं. मिनेसोटात ती सरासरी दहा अंशांच्याही खाली, आपल्याकडे २५ च्या आसपास. म्हणजे जानेवारीत तुमच्या वाड्याखालची जमीन हवेपेक्षा उबदार असते. थंडी मातीतून येत नाही, मोख्यांतून शिरणाऱ्या वाऱ्याने येते.

आणि पाटियांना खालून काही चिकटवू नका, हे हात जोडून सांगतो. पाटीला तडा गेला तर तो खालूनच दिसतो. लाकडी तुळई असेल तर वाळवीच्या मातीच्या नळ्याही खालूनच दिसतात. मागे एका घरी बोर्ड उपटले, तर मागे तुळईचा नुसता भुसा उरला होता. फोम जळतोही झटकन, आणि धूर विषारी. तुमच्या पोकळीतून जुन्या वायरी गेलेल्या असणारच.

लष्करवाला

हे वाचून चार दिवस मोजमाप केलं. पहाटे सहाला मोखे उघडे असताना पोकळीत ९ अंश, देवघराची फरशी १२. मग चारही मोख्यांत पोती कोंबली. चौथ्या पहाटे, बाहेर तितकीच थंडी असताना, पोकळीत १४ आणि फरशी साडेचौदा. एक पैसा खर्च न करता अडीच अंश! साइटवरचे दादा, मोख्यांचं तुमचं बरोबर निघालं, मान्य. पण आईचे पाय अजून गारच पडतात.

मुरारकर

पोती ठीक, पण पोकळीत इन्व्हर्टरची बॅटरी तर नाही ना? चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. असेल तर आधी ती बाहेर काढा, मगच मोखे बुजवा. आणि होळीच्या आत पोती निघाली पाहिजेत.

साइटवरचा

मुरारकर बरोबर बोलले. पोत्यांऐवजी लाकडी झडपा करा, उघडमीट होईल. खाली मातीवर पॉलिथिन अंथरा, नाहीतर बंद जागेत ओल साचून दगडाला लोणा (क्षाराचा पांढरा थर) लागेल. पावसाळ्यानंतर एकदा आत जाऊन बघत जा.

पाय गार पडतात ते वेगळ्या कारणाने. संगमरवर लाकडाच्या दहा-पंधरा पट उष्णता वाहून नेतो. फरशी वीस अंशांवर आणलीत तरी तळव्याला गारच लागेल. देवघरात सागवानी फळ्या बसवा, उंबऱ्याशी सपाट, कड वर येऊ न देता. कंपूच्या ताईंची भीतीही मिटेल.

कंपूची सून

सपाट असेल तर चालेल. पण रोज पाणी सांडतं तिथे, अभिषेक असतो. फळी फुगून वर आली तर पुन्हा तेच.

लष्करवाला

बॅटरी काल ओसरीत आणली. आईला फळ्यांचं विचारलं, तर म्हणाली, "पाटावर बसतेच की, मग पायाखाली लाकूड असलं तर देव काय म्हणणार?" सुतार सोमवारी येतोय झडपांचं माप घ्यायला. पाणी पडतं तेवढी देवासमोरची हातभर जागा दगडाचीच ठेवतो. फक्त बाहेरच्या भिंतीला, पोकळीच्या आतून, एका बाजूला बोर्ड लावून बघायचा माझा विचार अजून गेलेला नाही. तिथे ना पाटी आहे, ना तुळई, ना वायर. वरून गिलावा करेन. यावर साइटवरच्या दादांचं काय म्हणणं?