मदत हवी आहे : संपर्कासाठी ईमेलचा दुवा ठेवावा की फॉर्म?

नमस्कार. आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या संकेतस्थळाचे काम माझ्याकडे आहे. ‘संपर्क’ पानावर सध्या ‘मेलटू’ पद्धतीचा दुवा असून मोबाइलवर तो दाबताच मेलचे अ‍ॅप उघडते आणि पाठवलेल्या पत्राची प्रत सभासदाकडेही राहते, ही मोठी सोय आहे. मात्र ज्या संगणकावर मेलचा प्रोग्राम लावलेला नाही, तिथे दुवा दाबून काहीच घडत नाही. शिवाय पानाच्या कोडमधला उघडा पत्ता स्पॅमवाल्यांच्या हाती आयता लागतो.

फॉर्ममध्ये सभासद क्रमांकाचा रकाना सक्तीचा करता येतो, म्हणून कार्यकारिणीचा कल तिकडे आहे. परंतु चाचणीत फॉर्मचे संदेश स्पॅममध्ये जात आहेत. प्रेषक म्हणून सभासदाचाच पत्ता जात असल्याने एसपीएफ आणि डीमार्क (प्रेषकाचा पत्ता बनावट नाही ना, हे तपासणाऱ्या पद्धती) यांची पडताळणी फसत असावी. अशा वेळी प्रेषकाच्या जागी संकेतस्थळाचा पत्ता ठेवून सभासदाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये (उत्तर ज्या पत्त्यावर जाते त्या रकान्यात) घालणे पुरेसे ठरेल, की संदेश एसएमटीपीमार्फतच (म्हणजे मेल खात्यात लॉगिन करून मेल सर्व्हरवरूनच) पाठवावे लागतील?

कॅप्चा (आपण माणूसच आहोत हे सिद्ध करायला लावणारे कोडे) ज्येष्ठ सभासदांना जाचक होईल (त्यांची तयारी चष्मा शोधण्यापासून सुरू होते). त्याऐवजी माणसांना न दिसणारा, केवळ बॉटच (आपोआप फॉर्म भरणारे प्रोग्राम) भरतील असा रकाना कितपत उपयोगी पडतो, हेही अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.