पीव्ह्जला कुठे गायब केलं? (आधी वाचून मग सिनेमा बघितलेल्यांनो, या)

केतकीबन:
परवा लेकीने मोबाईल नाकासमोर धरला. हॅरी पॉटरच्या नव्या मालिकेतल्या हॅरीचा फोटो आलाय, गोल चष्मा, युनिफॉर्म, हातात शूटिंगची ती क्लॅप. लेकीचं तोंड वाकडं, "हा हॅरी नाहीच्चे." मला हसूच फुटलं, कारण हेच वाक्य २००२ च्या उन्हाळ्यात आमच्या घरी डॅनियल रॅडक्लिफला उद्देशून बोललं गेलं होतं. तेव्हा कारण होतं डोळे. पुस्तकात जो भेटेल तो हॅरीला सांगतो की डोळे अगदी आईचे, हिरवे, आणि पडद्यावर बघतो तर निळे! हिरव्या लेन्स लावून बघितल्या होत्या पण त्या पोराला सोसेनात म्हणून नाद सोडला हे नंतर कळलं. ते ठीकच, लहान लेकराचे हाल कशाला. पण मग आठव्या सिनेमात हॅरीची आई, छोटी लिली, घेताना तरी बघायचं ना, तिचे डोळे चक्क तपकिरी! लिलीवर जीव असलेल्या स्नेप मास्तरचं अख्खं आयुष्य ज्या डोळ्यांवर टांगलंय तेच जुळत नाहीत.

असो, मला लिहायचं होतं पीव्ह्जबद्दल, म्हणजे हॅरीच्या हॉगवर्ट्स शाळेतल्या त्या खोडकर भुताबद्दल. सुट्टीत आम्ही सगळी भावंडं आजोळी आणि पुस्तक एकच, म्हणून ताई मोठ्यांदा वाचायची. पीव्ह्ज आला की आवाज बदलायची, नाकातून, किरटा. आम्ही हसून हसून लोळायचो. मग सिनेमा लागला, सगळी वरात थिएटरात, आणि आम्ही वाट बघतोय की आता येईल, या जिन्यात येईल, त्या कॉरिडॉरमध्ये येईल. पाट्या पडायला लागल्या तरी पत्ता नाही. धाकटा तिकिटाचे पैसे परत मागायला निघाला होता. कितीतरी वर्षांनी समजलं की रिक मायल नावाच्या नटाला घेऊन पीव्ह्जचं शूटिंग झालं होतं आणि मग सगळं कापलं. म्हणजे होता तो!

तर तुमचंही असं काही दुखणं असेल तर लिहा. पॉटरच पाहिजे असं नाही.

रानजाई:
हॅरीच्या वर्गातल्या नेव्हिलचे आईबाबा!!!! बास. बाकी काही बोलत नाही.

रानजाई:
नाही बोलतेच. पाचव्या पुस्तकात हॉस्पिटलमध्ये भान हरपलेली त्याची आई येते आणि त्याच्या हातात च्युइंगमचा रिकामा कागद ठेवते, आजी म्हणते टाकून दे आणि तो गुपचूप खिशात घालतो. मी हे एसटीत वाचत होते आणि शेजारच्या काकू विचारायला लागल्या काय झालं गं बाळा, घरी सगळं बरंय ना. सिनेमात काय तर फोटोसमोर उभं राहून दोन वाक्यं. हॉस्पिटल नाही, आई नाही, कागद नाही. भाजी लागतेय, येते.

खडूस मास्तर:
वेळ नव्हता हे कारण मला कुणी सांगू नका. दुसरं पुस्तक अडीचशे पानांचं, त्याचा सिनेमा १६१ मिनिटं. पाचवं पुस्तक ७६६ पानांचं, सगळ्यात जाड, त्याचा सिनेमा १३८ मिनिटं. हे कुठलं गणित? पटकथाकारही तेवढ्या एकाच सिनेमाला वेगळा होता, बाकी सातही स्टीव्ह क्लोव्हजने लिहिलेत.

उचकी:
मास्तर तुम्ही खरंच मास्तर आहात का? :)

खडूस मास्तर:
नाही. बँकेत होतो.

पाटलीणबाई:
माझं सासरचं आडनाव पाटील. चौथं पुस्तक वाचताना पद्मा आणि पार्वती पाटील शाळेतल्या नाचाला, बॉलला निघाल्या तर घरात दवंडी पिटली होती मी की आपल्या पोरी हॉगवर्ट्सला आहेत. पुस्तकात काय थाट आहे, पार्वती झगझगीत गुलाबी रंगात, वेणीत सोनेरी गुंफलेलं, हातात सोन्याच्या बांगड्या, आणि पद्मा मोरपंखी. सिनेमात? दोघींना एकसारखे गुलाबी-केशरी घागरे. काय ते कापड, काय ती ओढणी. लग्नाच्या बस्त्यात नको नको म्हणताना दुकानदार अंगावर उलगडतो ना, तसलं. आमच्या सासूबाई पॉटर बघत नाहीत पण तेवढा सीन दाखवला तर म्हणाल्या, "ह्यांच्या आईनं बघितलं न्हाई का जाताना?"

आणि पद्मा रेव्हनक्लॉमधली, पार्वती ग्रिफिंडरमधली (शाळेतली घरं, म्हणजे गट), सिनेमात दोघींना एकाच घरात कोंबलंय. जुळ्या म्हणून काय झालं.

बाभूळबन:
पाटलांच्या पोरींचा अजून एक अपमान राहिला. तिसऱ्या पुस्तकात बोगार्ट, म्हणजे समोरच्याच्या भीतीचं रूप घेणारा तो जादुई जीव, पार्वतीसमोर आला की रक्ताळलेली ममी होतो. सिनेमात नाग होतो. भारतीय आडनाव दिसलं की लगेच नाग. आमच्याकडं कापसाच्या रानात पाटलाच्या पोरी सापाला काठीनं बाजूला सारतात, भ्यायचं काय त्यात.

पाटलीणबाई:
हाहाहा अगदी!

निवांत:
माझं उलटं झालं. आमच्या गावात इंग्रजी पुस्तक कुठलं मिळायला, मी सगळे सिनेमे टीव्हीवर हिंदीत बघितले, तेही जाहिरातींसकट आणि मधेच लाईट गेली तर तेवढा भाग गुल. नंतर तालुक्याच्या वाचनालयात 'हॅरी पॉटर आणि परीस' मिळालं, मराठी, बाइंडिंग सुटलेलं. त्यामुळे मला कुणाच्या चेहऱ्याचा त्रास झाला नाही, चेहरे आधीच फिट होते, वाचताना फक्त शाळेचा राखणदार हॅग्रिड मराठी बोलायला लागला एवढंच. मला तर सिनेमाचं वाईट कमी आणि पुस्तकाचं आश्चर्य जास्त वाटलं, म्हणजे हे सगळं आत आहे आणि आपल्याला कुणी सांगितलंच नाही! खलनायक व्होल्डेमॉर्टच्या आजोळचं गाँट घराणं, त्याची आई, ती अनाथाश्रमातली कपाटाची गोष्ट, सहाव्या सिनेमात त्यातलं किती आलं? अनाथाश्रम थोडा आला. आई नाहीच.

आणि स्नेप. पुस्तकातला स्नेप सुरुवातीला जेमतेम तिशीतला आहे आणि ॲलन रिकमन पन्नाशी ओलांडलेला. वयाचा हिशोब मांडला तर चूकच. पण मला दुसरा कुणी चालणार नाही. २०१६ ला तो गेल्याची बातमी आली तेव्हा मी कंपनीत रात्रपाळीला होतो, सुपरवायझरला सांगून थोडा वेळ बाहेर जाऊन आलो.

रानजाई:
निवांत, :( खरंय.

खडूस मास्तर:
रिकमन चांगलाच होता पण त्यामुळेच स्नेप फार गोड झाला असं माझं मत. पुस्तकातला स्नेप नेव्हिलच्या मागे हात धुऊन लागतो, त्याच्या बेडकावर औषधाचा प्रयोग करतो, हॅरीच्या मैत्रिणीचे, हर्मायनीचे, दात जादूने वाढतात तर म्हणतो मला काही फरक दिसत नाही. मुलांना छळणारा माणूस आहे तो. शेवटच्या आठवणी बघून सगळं माफ?

उचकी:
मास्तर इथे भांडण लावू नका, मागच्या वेळी स्नेपवरून माझी एक मैत्रीण तुटली आहे.

चकली:
हर्मायनीवरून आठवलं. माझा राग हॅरीच्या मित्रासाठी, रॉनसाठी आहे. तिसऱ्या पुस्तकात पाय मोडलेला असताना उभा राहून तो तुरुंगातून पळालेल्या सिरियसला सांगतो की हॅरीला मारायचं तर आम्हालाही मारावं लागेल, हे वाक्य सिनेमात हर्मायनीला दिलं आणि रॉन मागे कण्हत पडलाय. पहिल्या भागात त्या वेलीत अडकल्यावर पुस्तकात हर्मायनी आग लावायला गडबडून लाकूड शोधते आणि रॉन ओरडतो की तू जादूगार आहेस की नाही, सिनेमात रॉनच किंचाळतो. दर सिनेमात त्याच्या ताटातलं काढून तिच्या ताटात. मी घरातली मधली, मला ते फार लागतं.

(दोघी बहिणी हे वाचत असतील तर हो, तुमच्याबद्दलच आहे.)

केतकीबन:
चकली, अगं दंडवत. माझ्या लेकीला हे सांगितलं तर ती म्हणते तिला रॉन म्हणजे फक्त खाणारा मुलगा वाटायचा. झालं ना नुकसान.

बाभूळबन:
आमच्या चुलतभावाचा किस्सा. त्यानं सहावं पुस्तक मुंबईत सिग्नलवर घेतलं होतं, झेरॉक्ससारखी छपाई, मधली पानं गायब आणि काही दोनदा. २००९ ला सिनेमा आला, त्यात ख्रिसमसला विझलींचं, म्हणजे रॉनच्या घरच्यांचं, घर जळतंय. हा खूश, म्हणे माझ्या हरवलेल्या पानांत हेच असणार. पुस्तकात असं काही नाहीच! सिनेमावाल्यांनी पदरचं घातलंय. तो पठ्ठ्या वर्षानुवर्षं सांगत सुटला की सातव्या भागात लग्न त्याच घरी आहे म्हणजे जादूनं परत बांधलं असणार. अजून त्याला कुणी सांगितलेलं नाही. आता सांगत नाही, पोरं मोठी झाली त्याची.

रानजाई:
देवा 😂😂 त्याला ही लिंक पाठवू नका.

लंडनची मावशी:
आई इकडे आली होती तेव्हा तिला वॉटफर्डजवळच्या लीव्ह्जडेनच्या स्टुडिओत घेऊन गेले, जिथे हे सिनेमे शूट झाले, २०१२ पासून आत बघता येतं. आईला पॉटरचं काही माहीत नाही. जेवणाचा तो मोठा हॉल बघून म्हणाली, फरशी खरी दगडाची आहे गं, हे लोक खोट्यासाठी एवढा खर्च करतात! शेवटी किल्ल्याचं मॉडेल आहे, १:२४ मापाचं, खोलीभर पसरलेलं, दिवे बदलून दिवसाची रात्र करतात. मी सिनेमांवर कायम कुरकुरणारी, तिथे मात्र गप्प झाले. प्रत्येक खुर्चीची, प्रत्येक कपाटाची चौकशी करणारी माणसं होती ती, पटकथेत जे गेलं ते गेलं, पण हात लावला तिथे मन लावून केलंय. ग्लेनफिननचा एकवीस कमानींचा पूल तर पुस्तकात नाहीच, पण आता हॉगवर्ट्स एक्सप्रेस म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे त्या पुलावरूनच जाते, आणि मला ते चालतं.

आई सध्या पुण्यात आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बरी आहे.

पाटलीणबाई:
मावशी, काकूंना जिना चढायची घाई करू देऊ नका. माझ्या आईच्या वेळी फिजिओने बर्फ रोज लावायला सांगितला होता, खूप फरक पडला.

लंडनची मावशी:
हो, चालू आहे. थँक्यू गं.

जुईली०९:
पॉटर सोडून लिहू का? फिलिप पुलमनच्या गोल्डन कंपासचा सिनेमा आला होता २००७ मध्ये. अस्वलं बेस्ट, व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर पण मिळालं. पण पुस्तकाचा शेवट जो काळजात जातो ना, मित्राचं जे होतं ते, ते शूट करून कापलं आणि मुलगी फुग्याच्या हवाई जहाजात बसून पुढच्या भागाच्या आशेवर निघते. पुढचा भाग आलाच नाही! पॉटरवाल्यांनो तुमचे निदान आठ तरी आले. आमचं अर्ध्यातच.

चकली:
नार्नियाचेही तीनच. पुस्तकं सात.

खडूस मास्तर:
कोणी मुख्याध्यापक डम्बलडोरचं कसं काढलं नाही अजून? चौथ्या पुस्तकात हॅरीचं नाव स्पर्धेच्या जादुई कपातून येतं, डम्बलडोर त्याला शांतपणे विचारतात. शांतपणे, असं छापलंय. सिनेमात मायकल गँबन धावत येऊन पोराची मानगूट धरून गदागदा हलवतो. रिचर्ड हॅरिस २००२ मध्ये वारले, त्यांच्या जागी हा आला, त्यात कुणाचा इलाज नाही. पण दिग्दर्शकाने पुस्तकाचं ते पान तरी उघडायचं.

उचकी:
त्या सीनची नक्कल आमच्या घरी रोज होते. डब्यातला लाडू कमी झाला की नवरा मुलाला तस्साच धरून विचारतो.

निवांत:
शेवटाबद्दल कुणीच नाही बोललं. पुस्तकात व्होल्डेमॉर्ट सगळ्यांसमोर, भरल्या हॉलमध्ये मरतो आणि साध्या माणसासारखा धपकन जमिनीवर पडतो. मला तेच आवडलं होतं, एवढा अमर व्हायला निघालेला आणि शेवटी एक मढं. सिनेमात अंगणात दोघंच आणि तो राखेसारखा उडून जातो. बघायला कुणी नाही, मग आत जाऊन हॅरी सांगणार काय, उडाला म्हणून?

बाभूळबन:
आणि हॅरी ती सगळ्यात ताकदीची जादूची कांडी मोडून फेकून देतो! आधी तिनं स्वतःची मोडलेली कांडी नीट करून घे की येड्या. पुस्तकात घेतो. फुकटची दुरुस्ती सोडतं का कोण.

जुईली०९:
हाहा शेतकरी बुद्धी. बरोबर आहे पण.

केतकीबन:
सगळ्यांना थँक्यू, मी फोन चार्जिंगला लावून लावून वाचतेय. एक विचारायचंय, भाचा आठ वर्षांचा आहे, त्याला आधी पुस्तक द्यावं की सिनेमा लावावा?

रानजाई:
पुस्तक. पहिली तीन तरी.

निवांत:
जे घरात असेल ते द्या हो.

खडूस मास्तर:
पुस्तक द्या आणि पीव्ह्जचा आवाज ताईकडून रेकॉर्ड करून घ्या.

केतकीबन:
मास्तर, ताई आता मुख्याध्यापिका आहे, विचारते पण ओरडा खाईन.

उचकी:
नव्या मालिकेत पाटलांच्या पोरींना तरी नीट कपडे घालतील का?

पाटलीणबाई:
नाही घातले तर आम्ही इथून पैठण्या पाठवू, पत्ता काढून ठेवा कुणीतरी.