पोकलेनवर एकदम तीन सेन्सरचे कोड: सेन्सर बदलू की वायरिंग बघू?

डिचोली_फिटर
२० टनी पोकलेन, कॉमन रेल इंजिन, २४ व्होल्ट. चवथीच्या सुट्टीत पाच दिवस चिरेखाणीवर उघड्यावर उभी होती, पाऊस चालूच होता. आता चावी ऑन केली की तीन कोड एकत्र येतात: ऑइल प्रेशर एसपीएन (कशाचा दोष ते सांगणारा नंबर) १०० एफएमआय (दोष कसला ते सांगणारा नंबर) ४, बूस्ट प्रेशर (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब) एसपीएन १०२ एफएमआय ४, रेल प्रेशर (इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या सामाईक नळीतला दाब) एसपीएन १५७ एफएमआय ४. इंजिन कधी चालू होतं, कधी नाही. चालू झालंच तर बूम (मोठा हात) आणि स्विंग (वरचा भाग फिरवणं) एकत्र मारल्यावर गुदमरतं. डिपस्टिकवर ऑइल बरोबर आहे. मालक तिन्ही सेन्सर मागवा म्हणतात. मागवू का? मल्टिमीटर आहे, लॅपटॉप किट नाही.

सांगे_ऑटोइलेक्ट्रिक
मागवू नका. तीन सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत. एफएमआय ४ म्हणजे ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, अपेक्षेपेक्षा कमी व्होल्टेज दिसतंय. या तिघांत सामाईक काय, तर ५ व्होल्टची सप्लाय. ईसीएममधून एक वायर निघते आणि लूममध्ये (वायरींच्या जुडग्यात) तिचे फाटे फुटून ती दोन-चार सेन्सरना जाते. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की तो सगळ्यांचं व्होल्टेज खाली ओढतो. कोडच्या यादीत एसपीएन ३५०९ असेल तर शंकाच नको, तो या सप्लायचाच कोड.

चावी ऑन ठेवा, इंजिन बंद. ऑइल प्रेशर सेन्सरचा कनेक्टर काढा. तीन पिना असतात: सप्लाय, अर्थ, सिग्नल. कुठली कोणती ते वायरिंग डायग्रामवरून बघा, रंगावर जाऊ नका. मीटरची लाल सप्लायवर, काळी बॅटरीच्या निगेटिव्हवर. ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत. कमी असतील तर मीटर तसाच लावून ठेवा आणि बाकीचे सेन्सर एकेक करून काढत जा. ज्याचा कनेक्टर काढल्याबरोबर आकडा ५ वर उडी मारतो, तो गुन्हेगार. सगळे काढूनही आकडा वर आला नाही तर लूम कुठेतरी घासून बॉडीला लागलीय. मग मास्टर स्विच बंद करा, ईसीएमचा कनेक्टर काढा आणि सप्लायची वायर व चॅसिस यांत कंटिन्युइटी बघा. बीप वाजता कामा नये.

अर्थही तपासा: चावी ऑन असताना सेन्सरची अर्थ पिन आणि बॅटरी निगेटिव्ह यांत ०.१ व्होल्टपेक्षा कमी यायला हवं.

हात जोडून एक सांगतो, मीटरचा जाड प्रोब फिमेल पिनमध्ये कोंबू नका. पिनचं तोंड फाकतं आणि मग धक्क्यासरशी येणारा-जाणारा फॉल्ट आयुष्यभर मागे लागतो. त्याच मापाची सुटी पिन घालून तिच्यावर प्रोब टेकवा. वायरीचं इन्सुलेशनही टोचू नका. आपल्या खाऱ्या दमट हवेत त्या भोकातून ओल शिरते आणि तांबं आतल्या आत काळं पडत जातं.

मुरगाव_हेवी
एफएमआयचा आकडा वाचल्याशिवाय सेन्सरला हात लावू नये. ३, ४, ५ हे विजेचे दोष: व्होल्टेज जास्त, व्होल्टेज कमी, करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं. ० आणि १, तसेच १६ आणि १८, यांत सिग्नल ठीक असतो, मापच वाईट असतं. एसपीएन १०० एफएमआय १ आला तर इंजिन ताबडतोब बंद करा आणि मेकॅनिकल गेज लावून प्रेशर बघा. तिथे सेन्सर बदलून मशीन चालवत राहिलं की बेअरिंग जातात.

किट नसलं तरी मॉनिटरवर लाइव्ह रीडिंग दिसत असेल तर दोन चाचण्या फुकट होतात. इंजिन बंद, चावी ऑन: बूस्टचा सेन्सर अॅब्सोल्यूट (बाहेरच्या हवेचा दाब धरून मोजणारा) असेल तर त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा, गोव्यात साधारण १०० किलोपास्कल, ऑइल प्रेशरने शून्य. आणि रात्रभर उभ्या मशीनवर सकाळी कूलंट, डिझेल, इनटेक हवा ही तिन्ही तापमानं एकमेकांच्या तीन-चार अंशांत हवीत. एखादंच २० अंशांनी वेगळं असेल तर आधी त्याची वायरिंग बघा, मग सेन्सर.

डिचोली_फिटर
ऑइल सेन्सरच्या पिनवर १.३ व्होल्ट. रेलचा काढला, फरक नाही. बूस्टचा काढला आणि लगेच ५.०१! ऑइल आणि रेलचे कनेक्टर परत लावले तर त्यांचे कोड इनअॅक्टिव्ह झाले. बूस्टच्या कनेक्टरचं रबर सील एका बाजूने कापलेलं आहे. आत लाल चिखल, दोन पिनांवर हिरवा कळंक.

सांगे_ऑटोइलेक्ट्रिक
म्हणजे एकच सेन्सर मागवायचा, बूस्टचा. त्यात पाणी शिरलंय. पण बाब, नवा सेन्सर त्याच कनेक्टरवर बसवलात तर पुढच्या पावसात तोही जाईल. कळंक चढलेल्या पिना आणि सील बदला, ओढून बघा पिन लॉक झालीय का. बाकीच्या कनेक्टरांत कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, नायलॉनच्या मऊ ब्रशने घासा, कमी दाबाच्या हवेने सुकवा. पॉलिश पेपर लावू नका, पिनवरचा मुलामा निघतो. डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस सीलवर बोटाने पातळ थर बसेल एवढंच. आत ठासून भरलं तर सील फुगून बाहेर येतं.

धारबांदोडा_सर्व्हिस
कनेक्टरच्या आधी वायरीला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून कनेक्टरमध्ये न जाता झोलातून टपकेल. तुमच्याकडे वायर वरून सरळ उतरत असेल तर सील कापायच्या आधीपासून पाणी तिथेच साचत असणार. मशीन धुताना प्रेशर वॉशरचा फवारा इंजिनच्या कनेक्टरांवर मारणं बंद करा.

उंदीर पाहिलेत का? पाच दिवस उभ्या मशीनमध्ये ते बॅटरी बॉक्सच्या मागची लूम कुरतडतात. लूम जिथे क्लॅम्पखालून जाते तिथे कव्हर उघडून नजर टाका.

कोड क्लिअर केल्यावर इंजिन आयडलवर ठेवून कनेक्टरजवळची लूम हलवून बघा, मग १५-२० मिनिटं बकेट भरून काम घ्या. इंजिन तापल्यावर आणि लोडवर कोड परत आला नाही तरच मशीन खाणीवर सोडा. रेलच्या पाइपांना इंजिन चालू असताना स्पॅनर लावू नका, त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं. बकेटचं वेल्डिंग राहिलं असेल तर त्याआधी बॅटरी आणि ईसीएमचे कनेक्टर काढा.