हेल्मेटवर बॉल बसला तर
यावर एकानं लिहिलंय, 'पाणी मारा, पाच मिनिटं बसवा, मग परत बॅटिंग.' भावा, असलं नको. पोरगं शुद्धीवर आहे, बोलतंय, तरी मेंदूतला रक्तस्राव काही तासांनी कळू शकतो. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, तेच तेच विचारणं, यातलं एक जरी दिसलं तर थेट सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल) गाठा. मान दुखत असेल तर हलवू नका, हेल्मेट ओढू नका, १०८ लावा. ॲस्पिरिन अजिबात नको. काहीच लक्षण नसलं तरी त्या दिवशी खेळ बंद.

आयसीसीनं २०१९ पासून कन्कशनला (डोक्याला मार बसून मेंदूला बसणारा धक्का) बदली खेळाडू दिलाय. लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या जागी लाबुशेन आला, तो पहिला. आपल्या गल्लीतल्या स्पर्धांतही कॅप्टननी आधीच बोलून हे ठरवता येतं. ट्रॉफीपेक्षा स्वस्त पडेल.