मोनो झाला होता का तुम्हाला? ऐन विशीतल्या त्या आजारपणाचे अनुभव लिहा

मला बाविसाव्या वर्षी मोनो झाला. पूर्ण नाव इन्फेक्शस मोनोन्यूक्लिओसिस, ग्लँड्युलर फीवरही म्हणतात. एपस्टाइन-बार व्हायरसमुळे होतो हे आता मी झोपेतून उठवलं तरी सांगेन, तेव्हा नावसुद्धा कानावर पडलेलं नव्हतं.

सुरुवात घशापासून. वाटलं नेहमीचंच आहे, दोन दिवसात जाईल. चौथ्या दिवशी आरशासमोर आ करून मोबाइलचा टॉर्च मारला तर दोन्ही टॉन्सिल्स सुजून मधोमध जवळजवळ एकमेकांना टेकलेले आणि त्यावर मळकट पांढरा थर, साय धरावी तसा. थुंकी गिळायची म्हटलं तरी आधी मनाची तयारी करावी लागायची, डोळ्यातून पाणी यायचं, शेवटी उशाशी एक वाटी ठेवली आणि रात्रभर त्यात थुंकत राहिले. मानेला मागच्या बाजूने गाठी, ताप १०२-१०३. पहिली टेस्ट निगेटिव्ह आली, दहा दिवसांनी परत केली तेव्हा पॉझिटिव्ह.

पण घसा आणि ताप दोन-अडीच आठवड्यात गेले. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या थकव्याबद्दल. केस विंचरायला हात वर केला की मध्येच खाली यायचा. अंघोळीला स्टूल घेऊन बसायचे आणि अंघोळ झाली की तासभर झोपायचे, ओले केस तसेच. आणि याच दिवसात सगळे म्हणायला लागले, "ताप गेला ना आता? मग?" तो "मग?" मला फार लागला. चौथ्या आठवड्यात हट्टाने कामावर गेले, दुसऱ्या दिवशी जिन्यात मध्यावरच खाली बसले, उठताच येईना. त्या दोन दिवसांपायी पुढचे तीन आठवडे पुन्हा अंथरुणात.

तुमचं कसं झालं, किती दिवस लागले, घरच्यांना आणि कामावर कसं पटवून दिलंत, सविस्तर लिहा. जे आत्ता यातून जातायत त्यांना उपयोग होईल.

*

मी तेव्हा २४ चा होतो. घसा बघून टॉन्सिलायटिस समजून मला अमॉक्सिसिलिन दिलं गेलं. सहाव्या की सातव्या दिवशी सकाळी उठलो तर छाती, पाठ, हात सगळीकडे लालभडक पुरळ, बोटांच्या मध्येसुद्धा. घरच्यांची घाबरगुंडी. दुसऱ्या डॉक्टरांनी बघितल्याबरोबर विचारलं, कुठली अँटिबायोटिक चालू आहे? मोनोमध्ये अँपिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन घेतलं तर असं पुरळ बऱ्याच जणांना येतं म्हणे, आणि मुळात आजार व्हायरसचा, तर त्या गोळ्यांचा मोनोवर काहीच उपयोग नसतो.

पुढे कितीतरी वर्षं माझ्या फायलीवर "पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी" असं लिहिलेलं होतं. नंतर एका स्पेशालिस्टने रीतसर टेस्ट केली, अ‍ॅलर्जी नाहीच निघाली. म्हणून सांगतो, असं झालं असेल तर नंतर डॉक्टरांशी हा विषय जरूर काढा, पण मनानेच ठरवून गोळी घेऊन बघू नका.

*

माझं उलटं झालं, मला लवकर बरं वाटलं आणि तेच धोक्याचं होतं. पंधराव्या दिवशी ताप नाही, घसा बरा, टीम माझी वाट बघत होती, शूज बॅगेत भरलेलेही होते. फक्त विचारावं म्हणून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आडवं झोपवलं, खोल श्वास घ्यायला लावला आणि डाव्या बरगड्यांच्या खाली बोटं दाबली. श्वास आत घेतला की काहीतरी बोटांना येऊन टेकत होतं, मलाही कळत होतं. ती प्लीहा, स्प्लीन. एरवी हाताला लागत नाही, मोनोत सुजते, आणि सुजलेली असताना तिथे मार बसला किंवा जोर पडला तर फुटू शकते. फार क्वचित होतं, शंभरात एकालाही नाही, पण झालं तर जिवावर बेततं. निदान महिनाभर खेळ नाही, जड उचलणं नाही, आणि नंतरही विचारूनच.

पोटात डावीकडे वरच्या बाजूला अचानक जोरात दुखलं, डावा खांदा दुखायला लागला, चक्कर आली तर सकाळची वाट बघू नका, तसेच हॉस्पिटल गाठा. ही एक गोष्ट लक्षात ठेवा बाकी काही विसरलात तरी.

*

कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. याला "किसिंग डिसीज" म्हणतात, आणि मी २० वर्षांची होते, आणि नातेवाइकांपैकी कोणीतरी हे मोबाइलवर वाचलं. भेटायला आलेल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तो प्रश्न मला दिसायचा. तापाने फणफणलेली असताना मी आईला शपथा घालून सांगत होते की असं काही नाहीये.

व्हायरस थुंकीतून पसरतो हे खरं. पण एकाच बाटलीने पाणी पिणं, उष्टा चमचा, उष्टा ग्लास, एवढंही पुरतं. शिवाय लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला चार ते सहा आठवडे जातात, त्यामुळे कोणाकडून आला हे शोधणं जवळपास अशक्य, आणि ज्याच्याकडून आला त्याला स्वतःला काही झालेलंही नसतं बहुतेक वेळा. दहातल्या नऊ मोठ्या माणसांना हा व्हायरस कधी ना कधी लागून गेलेला असतो, लहानपणी लागला तर साध्या सर्दी-तापावर निभावतं किंवा कळतही नाही, आपल्याला उशिरा गाठलं एवढंच. हे मला तेव्हा एका डॉक्टरणीने आईसमोर सांगितलं आणि मी पहिल्यांदा मोकळेपणी रडले. मुलींनो, कोणालाही स्पष्टीकरण द्यायला तुम्ही बांधील नाही आहात.

*

अगं तुझं ते जिन्यातलं वाचून डोळे भरून आले. माझ्या मुलाला एकोणिसाव्या वर्षी झालं, आत्ता दोन महिन्यांपूर्वीच. तो चौदा-पंधरा तास झोपायचा आणि मी दर दोन तासांनी जाऊन उठवायची, अरे ऊठ, जरा चाल, पडून पडून अजून अशक्तपणा येतो. त्याच्या पापण्या सुजलेल्या होत्या, मला वाटलं रात्रभर फोन बघतो म्हणून. आता आठवलं की जीव तुटतो.

एका रात्री त्याच्या घोरण्याचा आवाज बदलला. ओढून ओढून, शिट्टीसारखा. उठवलं तर आडवं पडून श्वास घेता येईना, बोलणं तोंडात काहीतरी धरून बोलावं तसं. तसंच गाडीत घातलं. घशातली सूज इतकी वाढली होती की स्टेरॉइड द्यावं लागलं. एरवी मोनोत स्टेरॉइड देत नाहीत म्हणे, श्वास अडायला लागला तरच. आयांनो, मूल झोपतंय तर झोपू द्या, पण त्याच्या श्वासाकडे कान ठेवा. लघवी नीट होतेय का तेही बघा, घसा दुखतो म्हणून ही मुलं पाणीच पीत नाहीत.

*

मी लॅबमध्ये काम करते. मोनोचा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, मायक्रोस्कोपखाली बघितला की विसरत नाही. लिम्फोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, नेहमीच्या गोल गरगरीत दिसत नाहीत, मोठ्या, पसरट, कडेला गडद निळ्या, आणि शेजारच्या लाल पेशींना बिलगून त्यांच्या आकाराप्रमाणे वाकलेल्या. या त्या अ‍ॅटिपिकल लिम्फोसाइट.

टेस्टबद्दल सांगते कारण वर उल्लेख आलाय. झटपट होणारी मोनोस्पॉट पहिल्या आठवड्यात साधारण चारातल्या एकाला खोटी निगेटिव्ह येते, अँटिबॉडी तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून लक्षणं तीच असतील तर परत करायची किंवा व्हायरसच्या खास अँटिबॉडीज बघायच्या.

आणि एक गोष्ट मला फार जवळची वाटते. हा व्हायरस १९६४ मध्ये सापडला, पण त्याने मोनो होतो हे माहीत नव्हतं. फिलाडेल्फियात हेनले या शास्त्रज्ञ पती-पत्नींच्या लॅबमधली एक टेक्निशियन, जिच्या रक्तात आधी या व्हायरसच्या अँटिबॉडी नव्हत्या, ती १९६७ मध्ये मोनोने आजारी पडली आणि नंतर तपासलं तर अँटिबॉडी आलेल्या. १९६८ मध्ये त्यांनी हा संबंध प्रसिद्ध केला. आमच्यासारखीच रोजचे नमुने तपासणारी मुलगी, तिच्या आजारपणातून हे कळलं. मी स्लाइड लावताना तिची आठवण काढते.

*

मला सात महिने लागले. बहुतेकांचं दोन-चार आठवड्यात उरकतं, पण दहातल्या एखाद्याचा थकवा सहा महिन्यांनंतरही राहतो, मी त्यातला. रिपोर्ट नॉर्मल, दिसायला ठणठणीत, आणि दुपारी तीन वाजता डोळ्यासमोरच्या ओळीचा अर्थ लागत नाही. परीक्षा एक टर्म पुढे ढकलली, त्याचं तेव्हा खूप दुःख झालं होतं.

उपयोग कशाचा झाला तर वहीचा. रोज काय केलं आणि दुसऱ्या दिवशी कसं वाटलं एवढंच लिहायचो. दोन आठवड्यात लक्षात आलं की चांगल्या दिवशी जास्त केलं की फटका लगेच नाही, परवा बसतो. मग चांगला दिवस असला तरी जेवढं करावंसं वाटतंय त्याच्या निम्मंच, आणि दर आठवड्याला अगदी थोडं वाढवायचं. पूर्ण पडून राहणंही मला मानवलं नाही. दारू तर नकोच, यात लिव्हरलाही सूज असते, माझं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरची सूज दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा, बरंच वर होतं. पॅरासिटॅमॉलसुद्धा मोजून घ्या. आणि कामावर तोंडी सांगत बसू नका, डॉक्टरांकडून लेखी घ्या, किती आठवडे आणि किती तास असं आकड्यात. माझ्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, त्या कागदावर ठेवला.

*

सगळं दोनदा वाचलं. ते निम्म्याचं गणित मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर जिन्यात बसायची वेळ आली नसती. काकू, तुमचा मुलगा आता कसा आहे?

*

बरा आहे गं. अजून दुपारी झोपतो, मी दार लोटून घेते. काल तिसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता चढून आला आणि मला हाक मारून सांगितलं.