चिंचोक्यांच्या डावात आठ पडायची शक्यता 1/5 का नाही?

अमळनेरची लेक:
आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेय. दुपारी जेवणं झाली की ओट्यावर पट मांडतो. दोन चिंचोके मधोमध फोडून चार फाका करायच्या, एक बाजू पांढरी एक काळी, जितक्या पांढऱ्या वर तितकं दान आणि चारही काळ्या पडल्या तर आठ. भाची यंदा दहावीत गेली, संभाव्यतेचा धडा आधीच वाचून बसलीय, ती म्हणते दानं पाचच, 1, 2, 3, 4 आणि 8, म्हणून आठाची शक्यता 1/5. पण माझी आई म्हणते आठासाठी बोटं दुखतात तरी पडत नाही, दोन मात्र सारखंच पडतं. दोघींत खरं कोणाचं आणि पोरीला समजावू कसं?

मास्तर, पाचोरा:
आईचं खरं. पण भाचीला लगेच चूक म्हणू नका, तिने सूत्र बरोबर लावलं, फक्त मोजलं ते समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेचं, नाही. असं करा, चारही फाकांवर पेनाने अ, ब, क, ड लिहा. आता अ पांढरी किंवा काळी, तिच्या प्रत्येक निकालाबरोबर ब चे दोन, मग क चे दोन, ड चे दोन, म्हणजे 2×2×2×2 = 16. हा खरा नमुना अवकाश, वहीत सगळे 16 तिच्याच हाताने लिहून घ्या, पाठ करून ते कळत नाही. आठ पडायला चारही काळ्या लागतात, तो प्रकार एकच, म्हणून 1/16. दोन पडायचे प्रकार मात्र अब, अक, अड, बक, बड, कड असे सहा, म्हणजे 6/16. एक आणि तीनचे चार-चार, चारचा एक. बेरीज 16 आली की काही सुटलं नाही.

पाटणादेवीकडचा:
ताई, पोरनं डोकं भारी शे. दालांबेरसारख्या मोठ्या फ्रेंच गणितज्ञानेही हेच केलं होतं. 1754 साली त्याने लिहिलं की नाणं दोनदा उडवलं तर निदान एकदा छापा यायची शक्यता 2/3, कारण पहिल्यांदाच छापा आला की खेळ संपला असं धरून त्याने तीनच प्रकार मोजले, खरं उत्तर 3/4.
आणि मोजणीचं म्हणाल तर आपल्याच मातीत आहे. लीलावतीत अंकपाश नावाचं प्रकरण आहे, त्यात भास्कराचार्य विचारतात की विष्णूच्या चार हातांत गदा, चक्र, कमळ, शंख अदलून बदलून दिले तर मूर्ती किती? 4×3×2×1 = 24. शंकराच्या दहा हातांत दहा वस्तू दिल्या तर 36,28,800! सारख्या वस्तू असतील तर भागायचं हेही तिथेच आहे, दोन पांढऱ्या दोन काळ्या म्हणून 24 ला 2×2 ने भागा, मास्तरांचे सहा आले. चाळीसगावजवळ पाटण्याच्या शिलालेखात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे. भाचीला एकदा तिथे न्याच.

केळीवाला, रावेर:
एक शंका. नाण्याचं ठीक आहे, पण चिंचोक्याची फाक एकीकडून सपाट, दुसरीकडून फुगीर. दोन्ही बाजू सारख्याच पडतात हे कशावरून धरलं? 16 प्रकार बरोबर आहेत पण ते सारख्या वजनाचे नसतील तर 1/16 पण चुकेल. टाकून बघा आणि मोजा.

अमळनेरची लेक:
दादा तुमचं वाचून आज 100 दानं टाकली, आई टाकत होती भाची लिहीत होती. म्हणजे 400 फाका पडल्या, त्यात पांढरी वर 232. आठ फक्त 3 वेळा, चार 12 वेळा.

मास्तर, पाचोरा:
रावेरच्या भाऊंची शंका रास्त निघाली. 232 भागिले 400 म्हणजे 0.58, काळीचे उरले 0.42. आता आठाला चारही काळ्या हव्यात, म्हणून 0.42×0.42×0.42×0.42 करा, साधारण 0.03 येतं, म्हणजे शंभरात तीन. चारासाठी तसंच 0.58 चारदा घेऊन गुणाकार करा, 0.11 येतं, शंभरात अकरा. तुमच्या 3 आणि 12 शी जुळतंय की. दोनला पण मोजायला लावा, तिथे 6 ने गुणायला विसरेल ती, तेवढं बघा.